दोनशे तेरावं पान

थोरलीनं पुस्तकं वाचायच्या पाटीच्या उजव्या कोपऱ्याला बोट लावलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग पांढरा, आणि पुढचं पान उमटलं. तिनं पुन्हा बोट लावलं, पुढचं पान आलं. डावीकडे लावलं, मागचं आलं. वर, खाली, मधोमध, सगळीकडे दाबून झालं. पाटी निमूटपणे सांगेल ते करत होती.

“बघ,” ती आईला म्हणाली. “काही बिघडलेलं नाही.”

“मी कुठं म्हटलं बिघडलंय म्हणून?” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“मग वाचत का नाहीस?”

“डोळे दुखतात.”

“डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवाच सांगितलं ना, डोळे ठणठणीत आहेत म्हणून? चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही.”

“त्यांना काय कळतंय? डोळे माझे आहेत.”

थोरलीनं पाटी टेबलावर ठेवली आणि चहा ओतायला घेतला. शनिवारची सकाळ होती. आठवडाभर ऑफिसात मान मोडून झाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि वाद घालायचं त्राण अंगात नव्हतं.

“अर्धाच भर,” आई म्हणाली.

“अगं, भरला की.”

“मग काढ थोडा.”

“अर्धा अर्धा करत चार फेऱ्या मारायला लावतेस मला. एकदाच कपभर घ्यायला काय होतं तुला?”

“गार होतो.”

थोरलीनं अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला. हे गेली पाच-सहा वर्षं चालू होतं. म्हातारपणी माणसं एकेक खूळ धरून बसतात, आईचं हे, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आईनं कप दोन्ही हातांत धरला, कोपरं टेबलाला टेकवली आणि मान खाली नेऊन घोट घेतला.

“तुझ्या जहाजाचं काय झालं मग?”

“असेल तिथंच. गाळात.”

आई तीन खंडांचं एक जाडजूड पुस्तक वाचत होती, म्हणजे परवापरवापर्यंत वाचत होती. किनाऱ्यांचे नकाशे काढत जगभर फिरणाऱ्या एका जहाजाची ती हकीकत. पुस्तक इतकं जुनं की दुकानात मिळायचं नाही. कुणा भल्या माणसानं पानन्पान स्कॅन करून ठेवलेलं थोरलीनं शोधून पाटीवर घालून दिलं होतं. आईनं चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात नकाशे काढले होते. शाईच्या पेनानं, पट्टी न लावता, वीतभर लांब सरळ रेघ ओढायची आणि साहेब लोक इतरांना बोलावून ती दाखवायचे. त्यामुळे त्या जहाजावरचे लोक तिला आपल्याच ऑफिसातले वाटायचे. रोज संध्याकाळी ती थोरलीला बातमी द्यायची. आज कप्तान खलाशांवर भडकला. आज गोडं पाणी संपलं. आज त्या मूर्खानं बेट दोन मैल पश्चिमेला दाखवलं. थोरली कांदा चिरता चिरता ‘हो का’ म्हणायची, पण खरं सांगायचं तर ऑफिसातून येऊन तीन जिने चढताना ती मनातल्या मनात विचार करायची, आज काय झालं असेल? मग दुसऱ्या खंडात, दोनशे बाराव्या पानावर, ते जहाज एका नदीच्या मुखाशी गाळात रुतलं आणि बातम्या बंद झाल्या. आता दोन आठवडे होऊन गेले. आई दुपारभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून कोण चढतं, कोण उतरतं ते बघायची. काल तिनं थोरलीला विचारलं, “आज वार कोणता?” आणि थोरली हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिली. आईनं आजवर वार कधी विचारला नव्हता.

पाटीला पाटी हे नाव आईचंच. कागदासारखा दिसणारा, डोळ्यांत उजेड न घुसवणारा ई-इंकचा पडदा बघितल्याबरोबर ती म्हणाली होती, “ही तर आमची शाळेतली पाटी.” आणि पाटीच्या आतला, पुस्तकं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम घरचाच होता. थोरलीच्या धाकट्या भावानं तो अकरा वर्षांपूर्वी लिहायला घेतला. ओपन सोर्स, म्हणजे सगळा कोड चव्हाट्यावर मांडलेला. ज्याला बघायचा त्यानं बघावा, बदलायचा त्यानं बदलावा, आणि फुकट वापरावा. कुठकुठल्या देशांतले किती लोक तो वापरत होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण वापरणाऱ्याची कसलीही माहिती पाटीबाहेर जाऊ द्यायची नाही हा धाकट्याचा हट्ट. पाच वर्षांपूर्वी तो या सगळ्याला विटला. नोकरी सोडली, शहराबाहेर रोपवाटिका काढली आणि जाताना म्हणाला, “ताई, तू बघशील ना थोडे दिवस?”

थोडे दिवस! थोरली आता बावन्न वर्षांची होती. ती लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत दारांचे प्रोग्रॅम लिहायची. दार किती वेळ उघडं ठेवायचं, कुणी मध्ये आलं तर काय करायचं, हे तिचं काम. काठी टेकत येणाऱ्या माणसाला दोन सेकंद जास्त मिळावेत म्हणून तिनं एकदा वरिष्ठांशी आठ महिने भांडण केलं होतं आणि ते जिंकलंही होतं. राहायला मात्र तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. ऑफिसात यावरून चेष्टा व्हायची, आणि तीही हसून घ्यायची. पण रोज घरी येऊन, हातपाय धुऊन, आईचं बघून झालं की दुसरी नोकरी सुरू व्हायची, बिनपगारी. तक्रारींची यादी कधी तीनशेच्या खाली आली नाही. कुणाची अक्षरं तुटायची, कुणाचे तक्ते उलटे दिसायचे. एक जण तर दर आठवड्याला लिहायचा की रंग दिसत नाहीत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंग कुठून आणू, हे त्याला सांगता सांगता तिनं हात टेकले होते.

त्यातला सगळ्यांत चिवट म्हणजे मास्तर. हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण तो परीक्षेच्या पेपरासारखे मुद्दे घालून लिहायचा. “एक स्पर्श झाल्यावर अर्धा सेकंद तुमचा प्रोग्रॅम दुसरा स्पर्श घेतच नाही. पानं भराभर चाळता येत नाहीत. एक: हे मुद्दाम केलं आहे का? दोन: असल्यास कारण काय? तीन: नसल्यास दुरुस्ती कधी होणार?” त्याच्यामागे आणखी दीडशे जण हो ला हो करत उभे.

मुद्दामच केलेलं होतं. धाकट्याच्या कोडात एक ओळ होती: स्पर्श झाला की पुढचे साडेचारशे मिलिसेकंद दुसरा स्पर्श मोजायचा नाही. आणि त्या ओळीच्या डोक्यावर त्याचा शेरा: हे काढू नका. बस, एवढंच. का काढू नका, ते नाही. कोड लिहिणाऱ्यांत यापेक्षा मोठा गुन्हा नाही. थोरली तर जो कुणी मदतीला येईल त्याला आधी बजावायची की बाबा रे, काय केलंस ते कोड बघून कळतं मला, का केलंस ते लिही. तिनं धाकट्याला एकदा विचारलंही होतं.

“राहू दे ना गं,” तो म्हणाला होता. “कुणाचं काय अडलंय त्यानं?”

अडलं होतं की! दीडशे माणसांचं अडलं होतं. मग गेल्या महिन्यातल्या एका रविवारी तिनं शांतपणे विचार केला. पूर्वीचे पडदे मंद होते, पान उमटायलाच अर्धा सेकंद लागायचा. तेवढ्यासाठी धाकट्यानं हे केलं असणार. आता पडदे चपळ झाले. तिनं ती ओळ काढली, शेरा काढला, आणि बदलाच्या नोंदीत स्वच्छ अक्षरांत कारण लिहिलं: जुन्या पडद्यांसाठी होतं, आता गरज नाही.

नवी आवृत्ती नेहमीप्रमाणे आधी आईच्या पाटीवर गेली. हा धाकट्यानं घालून दिलेला नियम. कुठलीही नवी आवृत्ती पहिल्यांदा आईला द्यायची. नकाशेवाल्या बाईची नजर. एक ठिपका इकडचा तिकडं झाला तरी तिला खुपायचा. ‘या ओळी दाटीवाटीनं बसल्यात,’ ‘हा समास डावीकडे एक केसभर जास्त आहे,’ असलं काहीबाही तिचं चालूच असायचं. आठ दिवस आई काही बोलली नाही तर आवृत्ती पास समजायची आणि जगाला द्यायची. या खेपेला आई आठ दिवस चकार शब्द बोलली नाही. थोरलीला वाटलं, चला, एकदाचं काहीतरी निर्दोष जमलं.

जगानं तर डोक्यावर घेतलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तक्रारींच्या पानावर आभार आले. मास्तरनं लिहिलं, “एक: उत्तम. दोन: उशीर झाला, पण उत्तम.” थोरलीनं ते वाक्य तीनदा वाचलं होतं. कुणी शाबास म्हणून किती दिवस झाले होते तिला.

दुपारी आई आतल्या खोलीत आडवी झाली. थोरलीनं टेबल आवरलं, फडकं फिरवलं आणि फडकं फिरवताना पाटी उचलली. चार्जिंग बघितलं तर एकाहत्तर टक्के. परवा बघितलं तेव्हाही एकाहत्तर होतं. ही यंत्रं नुसती पडून राहिली तर वीज खातच नाहीत. पान उलटलं तरच खातात. म्हणजे आई रुसून थोडं थोडं वाचते आणि आपल्याला सांगत नाही, अशी एक आशा थोरलीच्या मनात होती, तीही गेली.

पाटीच्या पोटात एक नोंदवही असते. कुठं बोट लागलं, कधी लागलं, कुठलं पान आलं, सगळं त्यात उतरतं. पाटीबाहेर ते जात नाही, आणि आई काही तक्रार करेपर्यंत थोरलीही ते कधी उघडायची नाही. दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं वाटायचं तिला. आज तिनं आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, पाटीला वायर जोडली आणि नोंदवही लॅपटॉपवर उघडली.

वीस दिवसांपूर्वीचा रविवार. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. उजवीकडे स्पर्श, पान दोनशे तेरा. त्याच्यानंतर एकशे साठ मिलिसेकंदांनी पुन्हा उजवीकडे स्पर्श, पान दोनशे चौदा.

अकरा सेकंद काही नाही.

डावीकडे स्पर्श, पान दोनशे तेरा. एकशे चाळीस मिलिसेकंदांनी पुन्हा डावीकडे स्पर्श, पान दोनशे बारा.

थोरलीला आधी वाटलं, पडद्यात दोष आहे. एकाच स्पर्शाचे दोन नोंदवतोय. पण सकाळी तिनं स्वतः दाबून बघितलं होतं. तिनं तेवढा भाग काढला: शनिवार, आजची तारीख, तिची स्वतःची बोटं. एक स्पर्श, एक पान. एक स्पर्श, एक पान. वर, खाली, मधोमध. एकही जोडी नाही.

मग ती पुन्हा मागं गेली. आईची बोटं. उजवीकडे जोडी, दोनशे चौदा. डावीकडे जोडी, दोनशे बारा. उजवीकडे जोडी. डावीकडे जोडी. पाऊण तास. दोनशे तेरावं पान पडद्यावर येत होतं, नाही असं नाही, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढ्यातच जात होतं. जोडीनं पावलं टाकणाऱ्याला मधली पायरी लागणार कशी? आईला फक्त सम पानं मिळत होती. आणि पान गाळून पुढं जाणारी ती बाई नव्हती. नकाशात कोरी जागा सोडणं तिला कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी आईनं वेगळी वाट शोधली होती. पानाचा आकडा घालून थेट तिथं जायची एक सोय प्रोग्रॅममध्ये आहे, ती तिनं उघडली होती. तिनं काय आकडा घातला ते नोंदवहीत होतं: २२११३३. आणि त्याखाली प्रोग्रॅमचं उत्तर, थोरलीनंच कधीतरी लिहिलेलं: असं पान नाही.

पुन्हा २२११३३. असं पान नाही.

पुन्हा.

पाचव्या दिवशी सहा वेळा. आठव्या दिवशी तीन. त्या दिवशीच थोरलीनं आवृत्ती पास केली होती. नवव्या दिवशी आईनं पाटी उघडली, कुठंही बोट लावलं नाही, चार मिनिटं दोनशे बारावं पान तसंच ठेवलं आणि बंद केली. त्यानंतर काही नाही, आज सकाळपर्यंत.

थोरलीनं लॅपटॉप मिटला. समोर सकाळचे दोन कप उपडे घातलेले होते. दोन्ही हातांत धरलेला कप, टेबलाला टेकवलेली कोपरं, अर्धाच भर. गेल्या वर्षी आईनं आपल्या शाईच्या पेनांचा डबा कुणा विद्यार्थिनीला देऊन टाकला होता, ‘आता कोण काढतंय’ म्हणून. थोरली तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, अडगळ कमी झाली. तिला आता स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. जिन्यावर जाऊन तिनं धाकट्याला फोन लावला.

“बोल ताई. ऐकू येतंय का? पंप चालू आहे.”

“ती ओळ मी काढली.”

“कुठली ओळ?”

“साडेचारशेची.”

पंप बंद झाला. मागं कुठंतरी पाणी ठिबकत राहिलं.

“कधी?” त्यानं विचारलं.

“वीस दिवस झाले.”

“आणि आई?”

“वाचत नाही. डोळे दुखतात म्हणते.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावून घेतलं.

“तुला माहीत होतं,” थोरली म्हणाली.

“हो.”

“किती वर्षं?”

“सहा. मी पाटी आणून दिली ना, दोन दिवसांनी म्हणाली, नको मला हे, दोन दोन पानं पळतात. मी म्हटलं, दाखव. तर दाखवेना. हात पदराखाली. मग समजलं मला.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?”

“शपथ घातली तिनं. पण डॉक्टरांकडे जाऊन आलोय आम्ही, एकदा नाही, दोनदा. वयाचा कंप आहे म्हणाले, वाढू नये म्हणून गोळी दिली. ती सकाळची पांढरी गोळी तीच.”

“ती कॅल्शियमची आहे.”

“तुला तसं सांगितलंय.”

थोरली पायरीवर खाली बसली. राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडूही आलं, आणि दोन्हींतलं एकही नीट बाहेर पडेना.

“मी रोज असते रे तिच्याजवळ. तू महिन्यातून एकदा येतोस, चार कुंड्या ठेवून जातोस. आणि तुला सांगितलं? मला का नाही?”

“रागावू नकोस, ताई.”

“नाही रागावत. सांग.”

“ती म्हणाली, हिला कळलं तर उद्यापासून ही माझ्या हातात कपसुद्धा राहू देणार नाही.”

थोरलीच्या तोंडून ‘असं काही नाही’ निघणार होतं, पण निघालं नाही. वडिलांचं शेवटचं वर्ष तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांच्या हातून एकदा चमचा पडला. दुसऱ्या दिवसापासून ती भरवायला लागली. मग दाढी, मग बटणं, मग वर्तमानपत्र वाचून दाखवणं. सगळं मायेनं, स्वतःची झोप मोडून. वडिलांनी त्यानंतर चमचा कधी हातात धरला नाही. आणि आई तेव्हा याच टेबलाशी बसून ते सगळं बघत होती.

“ऐकतेयस ना?” धाकट्यानं विचारलं.

“तू निदान कारण तरी लिहायचं होतंस त्या शेऱ्यात. काहीतरी. खोटं का होईना.”

“काय लिहू? तो कोड सगळं जग वाचतं. माझ्या आईचे हात थरथरतात, असं लिहू?”

थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आता काय करणार आहेस?”

“परत घालते.”

“ते नाही. आईला काय सांगणार?”

“बघते,” ती म्हणाली आणि कठड्याला धरून उठली.

ओळ परत घालायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पडत्या माणसाला सावरायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ती ओळ होती. मास्तरचाही विचार तिनं केला. ज्याला भराभर चाळायचं असेल त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ही वेळ शून्य करावी, अशी सोय तिनं करून दिली. हे तिला आधी का सुचलं नाही, देव जाणे. पण कुणी काहीच केलं नाही तर प्रोग्रॅम साडेचारशे थांबणार. मग तिनं उजव्या हाताचं बोट मुद्दाम हलतं ठेवून पाटीवर दोनदा, तीनदा, पाच वेळा टकटक केली. दरवेळी एकच पान उलटलं.

राहिला शेरा. ‘हे काढू नका’ एवढं लिहून ती थांबली. हाताखालच्या सगळ्यांना ती जे बजावत आली होती ते आता तिच्यावरच आलं होतं. तिनं लिहिलं, ‘ज्यांचे हात’. खोडलं. ‘काही वाचकांना’. तेही खोडलं. काही वाचक म्हणे! आतल्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज आला, खाट करकरली. थोरलीनं पहिली ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली एक भर घातली.

हे काढू नका.
मी एकदा काढून बघितलं आहे.

यापुढे कुणी काही विचारलं तर एवढंच उत्तर. या खेपेला तिनं आठ दिवस वाट बघितली नाही. आईच्या पाटीवर आणि जगाला, दोन्हीकडे आवृत्ती एकदमच सोडली. दहा मिनिटांत मास्तर हजर झाला. “एक: हे पुन्हा का? दोन: सेटिंग दिल्याबद्दल आभार. तीन: काढून बघितल्यावर काय झालं, ते लिहिलेलं नाही.” थोरलीनं ते वाचलं आणि पान बंद केलं.

पाच वाजता आई उठून टेबलाशी येऊन बसली. थोरलीनं पाटी तिच्यासमोर सरकवली आणि पाठ फिरवून आधण ठेवलं.

“नवीन टाकलंय,” ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. “मागच्यात माझी चूक होती. दोन दोन पानं पळत होती म्हणे लोकांची. शंभर तक्रारी आल्या.”

तिनं साखरेचा डबा काढला.

“बाकी कुणाचं नाही, माझंच चुकलं. तू काही बोलली नाहीस म्हणून मला वाटलं, ठीक आहे.”

“मला वाटलं…” आई म्हणाली आणि थांबली. “माझं लक्षच नव्हतं हल्ली.”

“बघ तरी एकदा.”

थोरली आधणाकडे बघत उभी राहिली. मागं टक् असा हलका आवाज झाला, आणि लगेच दुसरा. मग शांतता. पाण्याला कढ येऊ लागला, उकळी फुटली, तरी मागून बोट लागल्याचा आवाज येईना. आई वाचत होती. बऱ्याच वेळानं पुन्हा टक्, टक्. आणि पुन्हा शांतता.

तिनं चहा गाळला, दूध घातलं, आणि नेहमीसारखा काठोकाठ भरलेला कप आईपुढे आणला. आईनं पाटीवरून नजर काढली नाही. चष्मा नाकावर घसरला होता.

“जहाज निघालं का?” थोरलीनं विचारलं.

“थांब गं. भरती येतेय.” मग जरा वेळानं, कपाळाला आठी घालून, “ही खालची रेघ कुणी केलीय? किती वाचून झालं ते दाखवणारी. फार जाड आहे. डोळ्यांत येते.”

“बारीक करते.”

“करच. अर्ध्यानं कर.” आईनं आता कपाकडे बघितलं. तिचे हात टेबलाखाली मांडीवर होते. “आणि हे काय? अर्धाच भर म्हणते मी रोज.”

कप उचलून आईच्या हातात द्यावा, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवावीत, असं थोरलीला फार वाटलं. इतकं वाटलं की हात पुढं झालाच होता. तो तिनं कपाच्या कानाला लावला, अर्धा चहा आपल्या कपात ओतला, आणि कप पुन्हा टेबलावर ठेवून दिला, आईला पोचेल इतक्याच अंतरावर.

“चार फेऱ्या मारायला लावतेस,” ती नेहमीच्या वैतागानं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाली. “माझे गुडघे गेले तुझ्या या अर्ध्या कपापायी.”

“मग बस की जरा,” आई म्हणाली.

थोरली बसली आणि आईचा कप उचलून होईपर्यंत समोरच्या इमारतीचा जिना बघत राहिली.